नाकापाशी ढिली पट्टी

हॉलमधले दिवे सरांनी हात वर करून घालवले. म्हणजे हात सरांनी वर केला आणि मागे बटणापाशी उभ्या असलेल्या शिष्याने दिवे घालवले. पण टाळ्या सरांना पडल्या. खिडक्यांतून दुपारचं लख्ख ऊन आत येत होतं, त्याकडे लक्ष कोण देतो!

"बघा! वीज नाही, चष्मा नाही, शाळा नाही!" सर गरजले. स्टेजवर बारा मुलं डोळ्यांना काळ्या पट्ट्या बांधून, पुस्तकं पोटाशी धरून धडाधड वाचत होती. "डोळा म्हणजे नुसता दरवान! वाचतो तो मेंदू. त्याची मधली खोली उघडली, की दरवानाला कायमची रजा!"

सरांच्या योजनेचं नाव त्रिमुक्ती. चष्म्यापासून मुक्ती, शाळेपासून मुक्ती, विजेपासून मुक्ती. अख्खं गाव येडं झालं होतं. सलूनवाला पट्टी बांधून दाढ्या करू लागला. हनुवटीला कापूस लावून बाहेर पडणारी गिऱ्हाइकं म्हणायची, "खोलवर सफाई झाली." पोस्टमनही पट्टी बांधून पत्रं वाटायचा. दूधवाल्याच्या हाती भलत्याच कुणाची तरी कोर्टाची नोटीस पडली, तर तो म्हणाला, "माझीच असणार, ऊर्जा चुकत नाही," आणि तारखेला हजरही राहून आला.

पाचव्या ओळीत टेलरमावशी बसल्या होत्या, त्या मात्र टाळ्या वाजवत नव्हत्या. स्टेजवरची उजवीकडून तिसरी मुलगी त्यांची नात होती. वय नऊ, चष्म्याचा नंबर उणे सहा, लाडाने बाहुली. दोन महिन्यांपूर्वी सुनेने बाहुलीचा चष्मा कपाटात कुलूपबंद केला आणि मुलाने तिचा शाळेतून दाखला काढला. तेवढ्यावर भागलं असतं तर मावशींनी दात-ओठ खात का होईना सोसलं असतं. पण येत्या शनिवारी शिबिराच्या समारोपाला बाहुली पट्टी बांधून सायकलवर बसणार होती आणि हॉलपुढचा उतार उतरून थेट मोठ्या चौकात जाणार होती. त्या चौकात ट्रक डोळसांनाही जुमानत नाहीत.

"अगं, पोरीच्या जिवाशी खेळ आहे हा," मावशी शेजारी बसलेल्या सुनेला म्हणाल्या.

"आई, सर आहेत ना!"

"सर काय सायकलपुढे धावणार आहेत?"

"आई, तुझं शिक्षण किती, तू बोलतेस किती!" पलीकडून मुलगा चिडला. "दरवर्षी नंबर वाढतोय. डॉक्टर फक्त नवी भिंगं देतात. मग दुसरी वाट शोधायचीच नाही का आम्ही?"

 पोराची काळजी खोटी नव्हती. नंबर मेला वाढतच होता.

आता गंमत अशी, की समारोपासाठी चाळीस नव्या पट्ट्यांचं काम मावशींकडेच आलं होतं. नमुन्याची पट्टी त्यांनी मन लावून शिवली. दुहेरी कापड, आत अस्तर आणि नाकाशी टक्स, म्हणजे कापड नीट बसावं म्हणून घालतात ती छोटीशी चूण. सरांनी ती दुसऱ्याच दिवशी परत धाडली. सोबत एक जुनी पट्टी आणि निरोप: 'अशी शिवा. नाकापाशी ढिली. ऊर्जेला यायला जागा हवी.'

मावशींनी तीस वर्षं लोकांची मापं घेतली होती. गिऱ्हाईक जिथे ढिलं मागतं तिथे त्याला काहीतरी लपवायचं असतं, हा त्यांचा अनुभव. त्यांनी ती जुनी पट्टी स्वतःच्या डोळ्यांना बांधली. मुलं करायची तशी मान जराशी वर केली आणि नजर खाली टाकली. नाकाच्या दोन्ही अंगांनी उजेड! त्या फटीतून मशीनचं पायडल दिसलं, खडू दिसला, टेपवरचे आकडे दिसले. मांडीवर वर्तमानपत्र घेतलं तर बारीक अक्षरसुद्धा वाचता आलं.

"अस्सं होय रे, चोरा!"

त्या तशाच घरात धावल्या. "सूनबाई, हे बघ, मलासुद्धा पट्टी बांधून वाचता येतंय!"

सुनेने भक्तिभावाने हात जोडले. "आई! तुमचीही खोली उघडली!"

मावशींनी कपाळावर हात मारून घेतला. गाढवापुढे वाचली गीता, म्हणत त्या परत मशीनवर बसल्या आणि चाळीसच्या चाळीस पट्ट्यांना नाकाशी टक्स घातला.

शनिवारी सकाळी हॉल खच्चून भरला. पट्ट्यांचा गठ्ठा मावशींनी ऐनवेळी आणून दिला आणि तो थेट स्टेजवरच उघडला गेला. मुलांना पट्ट्या बांधल्या. सरांनी हात वर केला, दिवे गेले, आणि मुलांची वाचाही गेली.

"वाचा!" सर म्हणाले. एका मुलाने 'एक होता राजा' घडाघडा म्हणायला घेतलं, पण त्याचं पुस्तक उलटं होतं. दुसरी रडवेली झाली. "सर, दिसत नाहीये हो!"

"दिसायचंय कुणाला? वाचायचंय!" सर खेकसले.

कोपऱ्यात नवी पट्टी बांधून प्रात्यक्षिकाला उभ्या असलेल्या सलूनवाल्याने वस्तरा उघडला आणि चाचपडत गिऱ्हाइकाचं नाक धरलं. गिऱ्हाईक तोंडाच्या फेसासकट खुर्चीवरून उडी टाकून पसार झालं.

"सभेत कुणीतरी शंकेखोर आहे!" सर घाम पुसत म्हणाले. "शंकेमुळे मेंदूच्या खोलीला आतून कडी लागते. असो, सायकल आणा!" आणि बाहुलीसाठी त्यांनी खिशातून जुनी पट्टी काढली.

मावशी उठल्या आणि तरातरा स्टेजवर चढल्या. "थांबा. जुनीच का? माझ्या पट्टीत काय खोट आहे?"

"मावशी, तुमच्या पट्टीत ऊर्जा भरलेली नाही."

"बरं. मग आधी तुम्ही बसा सायकलवर. ही घ्या माझी पट्टी, तुम्हीच भरा तुमची ऊर्जा."

सरांनी एकदा दारातून उताराकडे पाहिलं. "माझी सगळी ऊर्जा शिष्यांत वाटून झालीये."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. मावशींनी ती जुनी पट्टी स्वतःला बांधली. "आता कुणीही, काहीही द्या वाचायला." पोस्टमनने पिशवीतलं एक पत्र पुढे केलं. मावशींनी ते पोटाशी धरून पत्ता खणखणीत वाचला. लोक टाळ्या वाजवणार तोच त्या ओरडल्या, "खबरदार! आता तेच पत्र माझ्या कपाळासमोर धर. बघ, ओ की ठो नाही! मेंदू वाचत असता तर कपाळासमोरचं आधी वाचलं असतं. मी नाकाच्या फटीतून वाचतेय! नव्या पट्टीत ती फट मी शिवून टाकली. झाली ऊर्जा बंद!"

 मावशींचा मुलगा उठून स्टेजवर बाहुलीपाशी गेला. "बाळा, तूही फटीतूनच वाचायचीस?"

बाहुलीने मान हलवली. "नाही बाबा. मला फटीतूनपण दिसत नाही. चष्म्याशिवाय एवढ्या लांबची अक्षरंच दिसत नाहीत. बाजूची ताई वाचायची, तिच्या मागोमाग मी म्हणायचे."

"आणि सायकल?" सुनेने पुढे येत विचारलं. "सायकल कशी चालवणार होतीस?"

"ट्रकचे आवाज ऐकून. तू सगळ्यांना सांगितलं होतंस ना, मला दिसतं म्हणून."

सुनेने तिथेच खाली बसून बाहुलीची पट्टी सोडली. मावशींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. स्वतःची पट्टी काढून, पदराने ते पुसून त्यांनी माइक ओढला.

"दुसरी वाट शोधू नका, असं मी म्हणत नाही. पोराचा नंबर वाढला की आईबाप दहा दारं ठोठावणारच. पण साधा शर्ट घेताना तुम्ही शिवण ताणून बघता, काजातून बटण घालून बघता, मगच घेता. इथे मात्र पोरीचे डोळे हवाली केलेत आणि एकालाही तपासावंसं वाटलं नाही! ज्याचा उपाय खरा असतो तो म्हणतो, या, उलटसुलट करून बघा. शंका घेतली की जो चिडतो, त्याच्या दारातून तिथल्या तिथे परत फिरा. मग तो सर असो, डॉक्टर असो, नाहीतर मी असो."

सरांना जाब विचारायला लोक वळले, तर सर केव्हाच मागच्या दाराने सटकले होते. सुनेने बाहुलीला घट्ट पोटाशी धरलं होतं.

"आई, आता काय करायचं हो?"

"करायचं काय? डोळ्यांचा दवाखाना एक वाजेपर्यंत उघडा असतो. ऊठ, चल. आणि सोमवारी शाळा."