परत मधे

कागदाचा वरचा कोपरा पुन्हा सुटला होता. खळ लावून भिंतीवर चिकटवलेलं विमानाच्या पडद्यांचं ते चित्र हललं, आणि मधोमधचा चौकोन – वर निळं आभाळ, खाली तपकिरी जमीन – जरा कलता दिसला. विलासनं कोपरा अंगठ्यानं दाबला आणि कडेला सरकून, चित्राला पाठ करून, लेकीकडं तोंड करून उभा राहिला. छाती धडधडत होती, धारूरचा घाट पहिल्यांदा एसटीनं उतरताना धडधडली होती तशी. तीस वर्षं गाडी चालवली, पण असलं काम कधी केलं नव्हतं – नुसते डोळे बघायचे, यशोधराचे.

सोमवारी तिची परीक्षा, जमिनीवरच्या नकली विमानात. मागच्या वेळी नजर उंचीच्या आकड्याला चिकटली, तेवढ्यात वेग पडला, नापास. आता चुकली तर पायलटची नोकरी गेलीच.

"मधे, डावीकडं वेग, मधे, उजवीकडं उंची, परत मधे," ती म्हणाली. "कुटंबी गेली तरी नजर मधे यायची. न्हाई आली की वरडा."

"आरसा बघितला की रस्ता, ब्रेकच्या हवेचा काटा बघितला की रस्ता. मला शिकवती व्हय!"

"मग बघा की. लई बोलता, अण्णा."

डोळे फिरू लागले. मधे, वेग, मधे... उंची... उंचीच.

"मधे!" तो ओरडला. सापडली! विमानातली चूक एसटीच्या ड्रायव्हरला सापडली! दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा – दर वेळी तिथंच.

"कावून अडकती गं तिथं?"

"भ्या वाटतं. नजर काढली की आकडा पडंल असं वाटतं."

आकडा... त्र्याण्णव, चौऱ्याण्णव. दवाखान्यातल्या मशीनवरचा तो हिरवा आकडा, बायकोच्या ऑक्सिजनचा, सहा दिवस त्यानं नजरेनं धरून ठेवलेला. खाटेवरून उज्ज्वला म्हणाली होती, "इकडं बगा की जरा." तो म्हणाला, "थांब, वाढायलाय." आणि वाढला की आकडा! तिला आनंदानं सांगायला वळला तर तिचे डोळे मिटलेले. ते पुन्हा उघडले नाहीत. दोन वर्षं झाली... तीस वर्षांत एकदा मी रस्ता सोडला, तो तेव्हा.

"अण्णा! तुमचीच नजर अडकली. मधे!"

तो दचकला, मग हसला. समोर यशोधरा खालचा ओठ चावत उभी, अगदी आईसारखी.

"अडकली व्हती," तो म्हणाला. "चल, परत. थांबू नको."

मधे, वेग, मधे, उंची – त्यानं श्वास धरला – मधे. आली! परत गेली, परत आली. त्याला नाचावंसं वाटलं. डोळ्यांपुढं चौऱ्याण्णव होताच, हिरवा; तो कुठं जाणार नव्हता. पण आज नजर त्याच्यावरून पुढं सरकली – ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, मांडीवर डबा घेऊन बसलेली उज्ज्वला, घाटात डोळे गच्च मिटणारी उज्ज्वला – परत आकडा – परत ती, "इकडं बगा की" म्हणणारी... आणि तो बघत होता.

कोपरा पुन्हा सुटला. त्यानं मागं न वळताच तो चाचपून दाबला. लेकीचे डोळे उजवीकडं निघाले होते, आणि ओरडायला तो तोंड उघडून तयार होता.