गोदूच्या विहिरीतला नेचा

मित्रांनो, मी एक नेचा आहे, आणि चांगलाच जुना आहे. नर्सरीत मला फर्न म्हणतात. मला फूल येत नाही, फळ येत नाही, वास तर नाहीच. आहेत ती नुसती झालरीसारखी हिरवी पानं. तरी माझा तोरा कमी नाही!

माझा जन्म गोदूच्या शेतातल्या विहिरीत झाला. दगडांच्या फटींत, थंड ओलाव्यात आम्ही नेचे दाटीवाटीने राहायचो. पुढे आमच्या करंजाडे गावातल्या शेतांचे प्लॉट पडले आणि विहीर बुजवायची ठरली. डंपर येऊन उभा राहिला, तेव्हा गोदूने पदर खोचला, पायऱ्या उतरली आणि मला मुळांसकट सोडवून आणलं. विहिरीतलं तेवढंच तिच्या हाती लागलं.

तिच्या नव्या फ्लॅटच्या बाल्कनीत मात्र दिवसभर ऊन. माझी पानं पापडासारखी कुरकुरीत झाली. मग तिने मला पनवेलला मैत्रिणीच्या, शहाबानोच्या घरी नेलं. तिच्या परसात फणसाची गर्द सावली आहे.

"आमच्या विहिरीचा येवडाच राहिलाय गो. सांबाळशील ना?" गोदू म्हणाली.

"तुझी अमानत आहे ही. जिवापाड जपेन," शहाबानो म्हणाली.

आणि तिने जपलं. कुजलेला पाला आणि विटांचे तुकडे घालून कुंडी भरली. रोज मातीत बोट खुपसून बघायची आणि मगच पाणी द्यायची. एकदा माझ्या पानांमागचे तपकिरी ठिपके पाहून, कीड लागली म्हणून ती कात्री घेऊन आली. गोदू ओरडली, "कापू नको! ती त्याची पोरा हायत!" खरंच आहे. त्या ठिपक्यांतली भुकटी उडते आणि ओल मिळेल तिथे आमची पिल्लं रुजतात.

गोदू दर रविवारी मला बघायला यायची. सगळं छान चाललं होतं. पण एका हिवाळ्यात माझी पानं कडेने करपू लागली. शहाबानोने कुंडीची जागा बदलली, पाणी वाढवलं, कमी केलं. काही केल्या गुण येईना. गोदूची अमानत आपल्या हातून जाते की काय, म्हणून ती रडकुंडीला आली. मला कारण ठाऊक होतं, पण सांगणार कसं? शेवटी कुंडीच्या कडेवर साठलेलं पांढरं तिने बोटाने जिभेला लावलं.

"या अल्ला! हे तर मीठ!"

रविवारी गोदू आली. मला कुरवाळलं आणि पदराची गाठ सोडू लागली. शहाबानोने तिचा हात धरला.

"गोदू, मीठ तू घालतेस?"

"मंग? आमी नारलाला घालतो, कसा जोमान वाढतो! माज्या माहेरच्या मिठागराचा हाय."

शहाबानोने माझ्या करपलेल्या पानांकडे बोट दाखवलं. गोदू मटकन खाली बसली.

"मीच मारला काय गो त्याला?"

"मुळं जिवंत आहेत अजून. ऊठ, बादली भर."

दोघींनी माझी मुळं गोड्या पाण्याने धुतली, माती बदलली. मी तगलो. पण गोदू यायची थांबली. आपला हातच वाईट, असं तिने मनाशी धरलं. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. विहिरीत मला कुणी कधी काही भरवलं नव्हतं. मायेने भरवणारी ती पहिलीच.

मग एके दिवशी शहाबानोने तिला फोन केला. "तुला नातवंडं झालीत. बघायला ये."

गोदू आली. नळामागच्या ओल्या भिंतीवर, दगडांच्या फटींत, माझी पिल्लं हिरवीगार डोलत होती. ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"आमची विहीरच हाय गो ही," ती म्हणाली आणि डोळे पुसून पदराची गाठ सोडू लागली. शहाबानो किंचाळली.

"मीठ नाय गो! बोरा हायत. तुज्यासाठी!"

दोघी इतक्या हसल्या की फणसावरचे कावळे उडाले.

मित्रांनो, आमच्यावर माया करा, भरपूर करा. पण आम्हाला काय मानवतं, ते आधी बघा. गोदू आता दर रविवारी येते. मातीत बोट खुपसते आणि मला विचारते, "पाणी देऊ काय रं?"