पालथ्या बादल्या

बारक्याने नेमकं तिच्या खांद्यावर दूध ओकलं. रुमालाने भागेना, तेव्हा त्याला काखेत मारून ती मावशींच्या न्हाणीघरात शिरली.

आत दोन बादल्या, एक टब, एक पातेलं, सगळं भिंतीशी ओळीने पालथं घातलेलं होतं. नळ सोडून तिने खांदा धुतला, बारक्याची हनुवटी धुतली. भर सकाळी, नळाला पाणी असताना, घरात एक बादली भरलेली नसावी याचं तिला नवल वाटलं. मग एकाएकी कारण लक्षात आलं.

खरं तर ती नको म्हणायलाच आली होती. सोमवारी इस्पितळाच्या धुलाईखात्यात तिला पुन्हा रुजू व्हायचं होतं. आणखी रजा मागितली असती तर जागा हातची गेली असती. नवरा ट्रकवर, पंधरवड्यातून एकदा उगवणार. सासूबाईंच्या गुडघ्यांनी दुखायला नेमका हाच महिना निवडला. पाळणाघरातल्या बाईंनी तर "तीन? एकाच घरची?" असं विचारलं, जणू तिने शेरडं हाकत आणली होती, आणि सांगितलेल्या आकड्यात तिचा सगळा पगार गेला असता. मग घरीच मुलं सांभाळणाऱ्या या मावशी सापडल्या. त्या तिघांना मिळून एकाचेच पैसे घेणार होत्या. आठवडाभर ती हवेत होती.

काल शेजारीण कुजबुजली, "त्या बाईच्या हातून एक पोर गेलंय. मला काय, तुझं तू बघ." त्यानंतर तिला घास गोड लागला नव्हता.

ती बाहेर आली. मावशींनी तीन छोट्या गाद्या आधीच पसरून ठेवल्या होत्या. पाच वर्षांची मोठी एकीवर बसून पाटीवर काहीतरी गिरवत होती. बारक्याची जुळी बहीण, बारकी, मावशींच्या मांडीवर निवांत रेलली होती. मावशींची नजर एका पोरावरून दुसऱ्यावर सारखी फिरत होती, क्षणभरही कुठे टेकत नव्हती.

"मी पाणी भरून ठेवत नाही," त्या म्हणाल्या. "लागेल तेवढं नळाखालीच."

"मावशी, मी..."

"कळलंय तुला. चेहऱ्यावर दिसतंय. मीच आधी सांगायला हवं होतं, पण सांगितलं की कुणी येत नाही." बारकीच्या मुठीतून आपली माळ सोडवत त्या म्हणाल्या, "दहा वर्षं झाली. सव्वा वर्षाचं होतं. दाराशी कुणीतरी पत्ता विचारायला आलं. डावीकडे वळा, एवढंच सांगितलं मी. मागे फिरले, तर..." त्यांचा हात हवेतच थांबला. "बादली अर्धीच भरलेली होती गं. आवाज झाला नाही. मला वाटायचं, आवाज होतो."

"तुमचं होतं?"

"दुसऱ्याचं. माझं असतं तर लोकांनी मला रडू तरी दिलं असतं."

तिने पोरं गोळा केली, चपला शोधल्या.

"कळवते मावशी तुम्हाला," ती दारातून म्हणाली.

मावशींनी मान हलवली. हे वाक्य त्यांच्या कानांना नवं नसावं. त्या वाकून गाद्या गुंडाळू लागल्या.

घरी येऊन तिने दाराला कडी घातली, जुळ्यांना जमिनीवर सोडलं, तोच फोन वाजला. धुलाईखात्याचे सुपरवायझर होते.

"सोमवारी येताय ना? नक्की काय ते सांगा. यादीत दुसऱ्या आहेत."

"येते हो साहेब. मुलांचं तेवढं बघतेय. एका ठिकाणी ठरत होतं, पण..."

"पण काय?"

"बाई भरवशाच्या वाटत नाहीत."

बोलता बोलता ती वळली. बारकी टेबलाखाली होती. मोठी खिडकीशी होती. घर अगदी गप्प होतं. आवाज होत नाही, असं कुणीतरी कानाशी बोलल्यासारखं तिला वाटलं, आणि फोन तिथेच टाकून ती धावली.

बारक्या न्हाणीघरात होता. बादलीचा काठ धरून, टाचा उचलून, पोटावर ओणवा. एक हात पाण्यात होता. बादली काठोकाठ भरलेली होती. रोजच्यासारखी आजही सकाळी तिनेच भरली होती.

तिने त्याला उचलून छातीशी घट्ट धरलं. नुसती बाही भिजली होती.

मोठी दारात येऊन उभी राहिली. "तो रोज बघतो," ती म्हणाली. "पाण्यात बाळ असतं ना, त्याला हात लावतो."

"रोज?"

"तू स्वयंपाक करतेस ना, तेव्हा."

तिने बादली कलंडवली. पाणी जाईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग तिने बादली भिंतीशी पालथी घातली. शेजारी टब, पातेलं, पाण्याचा मगसुद्धा.

सुपरवायझरांनी फोन ठेवून दिला होता. तिने मावशींचा नंबर लावला.

"मावशी, सोमवारी सात वाजता आणते तिघांना."



"आत्ता तिघं कुठे आहेत?" मावशींनी विचारलं.

ती वळली आणि एकेकाकडे बोट दाखवत मोजू लागली.