पावसातला ब्रेक

“दाबा अण्णा. धरा तसंच. आता सोडा.”

गाडीखाली उताणा पडून मी हे चौथ्यांदा सांगत होतो आणि वर सीटवर बसलेले भावकूअण्णा मुकाट्याने चौथ्यांदा तेच करत होते. ब्रेकच्या नळीतून ऑइलची स्वच्छ धार येत होती, हवेचा एकही बुडबुडा नव्हता. नवं ऑइल भरून झालं, रबरी नळ्या बदलून झाल्या, पॅड बदलून तर महिनाही झाला नव्हता. तरी ही गाडी पावसात थांबायला तयार नव्हती. मी खालूनच एक शिवी हासडली. ती गाडीला होती, पण अण्णांनी पाय उचलला आणि विचारलं, “माझं काय चुकतंय काय रं सिद्राम?”

मंगळवारपासून ते सगळ्यांना हेच विचारत होते, आणि मंगळवारपासून मला जेवण गोड लागत नव्हतं.

गोष्ट एकोणऐंशी सालची. निपाणीत हायवेला लागून माझं गॅरेज होतं. गाडी तंबाखूच्या वखारीच्या मालकांची. त्यांनी ती थोरल्या मुलाच्या हट्टापायी एका इंग्रज साहेबाकडून घेतली होती. हिरवी, बसकी, दोनच माणसांची, तारांच्या चाकांची. मुलगा दोन वर्षं ती उडवून अमेरिकेला निघून गेला आणि गाडी भावकूअण्णांच्या गळ्यात पडली, कारण मालकांना स्वतःला चालवता येत नव्हती. गाडी रेसची आणि चाल बैलाची, अशी गावात थट्टा चाले. तीत तथ्यही होतं. अण्णांची उमेदीची वीस वर्षं मालकांच्या बैलगाडीवर गेली होती. बैल जाऊन ट्रक आले तेव्हा चाळिशी उलटलेल्या या माणसानं स्टिअरिंग धरलं. पण त्या हिरव्या गाडीला ते जेवढं जपायचे तेवढं मी माझ्या बायकोलाही जपलं नाही, आणि हे बायकोच मला ऐकवायची.

मंगळवारी मालकांची नात शेजारी बसली होती. बेळगावहून सुट्टीला आलेली, नऊ वर्षांची. चिकोडी रस्त्याला पावसाची सर आली, पुढं ओढ्याच्या पुलावर म्हैस आडवी आली. अण्णांनी ब्रेक दाबला आणि गाडी सरळ जाऊन कठड्याला भिडली. पोरीच्या कपाळाला चार टाके पडले.

मालक ओरडले नाहीत. मला बोलावून एवढंच म्हणाले, की भावकूच्या पायातलं बळ गेलं असं सगळे म्हणतात. गाडीत खोट सापडली तर तो राहील. नाही सापडली, तर सोमवारी कोल्हापूरचा नवा ड्रायव्हर येईल. रविवारपर्यंत सांग.

आता खरं ते सांगून टाकतो. या ब्रेकची तक्रार नवी नव्हती. सलग तीन पावसाळे ही गाडी माझ्याकडं येत होती. दर वर्षी मी काहीतरी बदलायचो, पॅड नाहीतर ऑइल. दसऱ्यापर्यंत पाऊस थांबायचा, ब्रेक आपोआप लागायला लागायचा आणि श्रेय मी घ्यायचो. नेमकं घोडं कुठं पेंड खातंय हे मी कधी शोधलंच नव्हतं. माझा बाप त्याच वखारीत हमाल होता. तिथली पोती माझ्याही पाठीवर ठरलेलीच होती. मला गॅरेजात चिकटवलं ते भावकूअण्णांनी, मालकांकडं शब्द टाकून. आणि त्यांच्याच गाडीला मी तीन वर्षं वरवर हात फिरवत आलो होतो. हे मनात आलं की हातातला पाना खाली ठेववत नसे.

शुक्रवारी पावसानं उघडीप दिली. अण्णांना घरी पाठवून मी गाडी एकट्यानं हायवेवर काढली, पळवली आणि ब्रेक दाबला. जागच्या जागी थांबली. दहा वेळा दाबला, दहा वेळा थांबली. म्हणजे जोर पोचत होता. खोट पाण्यात होती, किंवा पाण्याबरोबर येणाऱ्या कशात तरी.

गॅरेजात आणून पुढचं चाक जॅकवर उचललं आणि तारांवर बादलीनं पाणी ओतायला लागलो. एक बादली, दोन, तीन. पाचव्या बादलीला दिसलं. चाकाच्या आतल्या ब्रेकच्या लोखंडी तबकडीवरून ओघळणाऱ्या पाण्यावर जांभळे-हिरवे रंग पसरत होते. तेल. कुठून येतंय म्हणून मी चाकातलं ग्रीस अडवणारं रबरी सील बघितलं, ते कोरडं होतं. मग बोट लावून वास घेतला. ब्रेक ऑइल नाही, ग्रीस नाही. बाळंतिणीच्या खोलीत येतो तसा वास. एरंडेल.

मी ओल्या फरशीवर तसाच बसलो. बेंदराच्या दिवशी मी स्वतः वखारीत गेलो होतो. बेंदराला बैलांच्या शिंगांना कडबोळी बांधतात. अण्णांनी ती गाडीच्या दिव्यांना बांधली होती, बॉनेटवर हळद-कुंकू वाहिलं होतं. मी पोट धरून हसलो होतो. बेंदराला बैलगाडीच्या कण्यालाही एरंडेल घालतात, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही तीन वर्षांचा. कोरड्या दिवसांत ते तेल चाकाच्या मध्यात धुळीशी चिकटून बसायचं. पाऊस आला की पाण्याबरोबर तबकडीवर उतरायचं.

गाडीत खोट सापडली पाहिजे म्हणून मी देवाला न मानणारा माणूस चार दिवस मनातल्या मनात विनवण्या करत होतो. सापडली, तर ती अशी.

शनिवारी अण्णांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोनं, तानीबाईंनी, चहा ठेवला. मी उगाच पावसावर, तंबाखूच्या भावावर बोलत बसलो आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, की चाकांना तुम्ही काही लावता का. अण्णांचा चेहरा उजळला. आत जाऊन त्यांनी तेलाचा डबा आणि कोंबडीचं पीस आणलं.

“बेंदराला लावतो. मग पावसाळाभर दर अमावस्येला,” ते म्हणाले. “तारा गंजू नयेत म्हणून. मधी तुंब्यात, कण्यापाशी बी सोडतो जरा. बैलाचं कसं, त्यो वरडतो तरी. ही मुकी हाय.”

मी सांगितलं. जमेल तितक्या हळू सांगितलं, पण अशी गोष्ट हळू सांगता येत नाही. ते डब्याकडं बघत राहिले. तानीबाई चुलीपुढून उठून आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

“म्हंजे माझ्याच हातानं,” अण्णा म्हणाले.

मी घाईघाईनं म्हणालो, की हे आपल्या तिघांपलीकडं जायचं कारण नाही. मालकांना सांगतो, सील फुटलं होतं, बदललं. तुम्ही फक्त तेल लावायचं बंद करा. शिवाय चूक माझीही आहे, तीन वर्षं मला कळायला नको होतं? मी बराच वेळ बोललो. त्यांनी चहा संपवला, कपबशी विसळून पालथी ठेवली आणि उद्या सकाळी येतो म्हणाले.

रविवारी पाऊस लागून होता. चारही चाकं उतरवून मी सगळं धुऊन घेतलं होतं, नवे पॅड बसवले होते. गाडी घेऊन वखारीत गेलो तर अण्णा आधीच मालकांसमोर उभे होते, धुतलेल्या सदऱ्यात. सीलाचं खोटं मी वाटेत घोकून ठेवलं होतं. त्याची गरज पडली नाही. त्यांनी सगळं सांगून टाकलं होतं.

मालकांना हसू आवरेना. चांगल्या मनानंच हसत होते. एवढंच ना, म्हणाले, तेल लावू नको म्हणजे झालं. पाय शाबूत आहे, तू राहा. मला हायसं वाटलं. मंगळवारनंतर पहिल्यांदा भूक लागल्यासारखं झालं.

अण्णांनी किल्ली टेबलावर ठेवली.

“न्हाय मालक. पाय गेला असता तर बरं झालं असतं, त्यो दिसला असता. ह्ये मला कळलंच न्हाय. आज तेल लावलं, उद्या मायेनं आनी कायतरी करीन. पोरीच्या कपाळाचा वण बघून मला गाडी चालवायची न्हाय.”

मालकांचं हसू थांबलं. त्यांनी बस म्हटलं, अण्णा बसले नाहीत. तीस वर्षांची चाकरी, आणि निरोप घ्यायला त्यांना पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. नमस्कार करून ते बाहेर पडले.

मग मालक मला म्हणाले, चल, दाखव ब्रेक. मला वाटतं त्यांना तिथं बसवत नव्हतं. आम्ही पावसात निघालो, अण्णांच्या घराच्या रस्त्यानं. कुठं जायचं हे ना त्यांनी सांगितलं, ना मी विचारलं.

ओढ्याच्या अलीकडं ते दिसले, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन कडेनं चाललेले. मालक म्हणाले, “थांब.” मी ब्रेक दाबला आणि वाहत्या पाण्यात गाडी त्यांच्या शेजारी गपकन उभी राहिली.

मालकांनी काच खाली केली. अण्णा वाकले. त्यांनी आमच्याकडं बघितलं नाही. पुढच्या चाकाकडं बघितलं, तारांवरून निथळणाऱ्या पाण्याकडं, बराच वेळ.

“लागतोय आता,” ते म्हणाले, आणि खोळ सावरून ओढ्याच्या पायवाटेला उतरले.