तीन नंबरची

कोंडीरामनं टीव्हीच्या मागं हात घातला आणि स्पीकरची वायर उपटली.

काचेवर कार्टूनमधली पाचही जणं तोंडं हलवत राहिली, आवाज मात्र गप. खर्डा गावचा बाजार उरकून, पिशव्या मांडीवर घेऊन व्हिडिओच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसलेली तीस-पस्तीस माणसं एकदम खवळली.

"कोन हाय रं त्यो? लाव की वायर!"

"न्हाई लावत! पाच नंबर असा बोलतो व्हय? 'कृपया हमारी सहायता कीजिए'! आरं, त्यो शिवी दिल्याबगर पानी पीत न्हाई!"

शेडचा मालक आसाराम दारातली तिकिटं टाकून आत धावला. "कोंडीराम, डोस्कं फिरलं का तुजं? हिंदी हाय म्हनून तर आनलीय कॅसेट."

राग काही उगाच नव्हता. दहा वर्षांमागं आसारामकडं कॅसेटींचा एक गठ्ठा आला, त्यात चुकून एक जपानी कार्टून निघालं. पाखराच्या चोचीचे टोप घातलेली पाच जणं आणि त्यांच्या वाइटावर टपलेला एक जांभळा बुरखेवाला. लढाया झकास, पण बोलणं जपानी. लोक उठून जायला लागले. कोंडीराम तेव्हा टेम्पोत बसून माईकवर सर्कस, बैलबाजार, कुटुंबनियोजनाचं शिबिर, सांगाल ते पुकारायचा. तो माईक घेऊन टीव्हीशेजारी उभा राहिला आणि मनाला येईल ते मराठीत बोलत सुटला. एक नंबरला फौजदाराचा आवाज, पाच नंबरला तालमीतल्या पैलवानाचा, आणि बुरखेवाल्याला थेट सरपंचाचा, खोकल्यासकट. "ह्या गावाची पाइपलाइन म्याच गिळली, खॉक खॉक!" सरपंच स्वतः दोनदा येऊन बघून गेला आणि पोट धरून हसला. आवाज कुणाचा, ते त्याला सोडून सगळ्या गावाला कळलं होतं.

आता तेच कार्टून नव्यानं काढून आलं होतं. तीच पाच जणं, पण टोप चकचकीत, विमान नवीन आणि आवाज रेडिमेड. सकाळच्या खेळाला आसारामनं कोंडीरामला साधं बोलावलंसुद्धा नव्हतं.

"माईक आन," कोंडीराम म्हणाला.

"आन की आसाराम!" मागून एक म्हातारा ओरडला. "बोलू दी त्याला. हिंदीत काय मजा न्हाई."

माईक आला. कोंडीरामनं घसा खाकरला, बुरखेवाल्याच्या तोंडात ताज्या ग्रामसभेतलं भाषण घातलं, आणि शेड पहिल्यासारखी हसायला लागली. हसू ऐकलं तरी त्याचा राग उतरेना. पाच नंबरनं शत्रूला हाणलेली प्रत्येक लाथ त्यानं आसारामच्या नावानं हाणली.

इतक्यात तीन नंबरची समोर आली. पाचांत तेवढी एकच पोरगी. विमानाच्या दांड्यावर हात ठेवून ती काहीतरी सांगत होती, चांगलं लांबलचक. कोंडीरामला बाईचा आवाज जमायचा नाही. पहिल्या वर्षी एकदा काढून बघितला, तर लोकांनी शिट्ट्या मारल्या. तेव्हापासून तिचे ओठ हलले की तो दुसऱ्याच कुणाचं तरी बोलणं त्यात कोंबायचा.

"ए पोरी, सरक मागं!" फौजदाराच्या आवाजात एक नंबर म्हणाला. "तुज्या वतीनं मी बोलतो!"

शेड खदखदली. दाराशी कोंडीरामची थोरली लेक, दीपा, उभी होती. आईनं नेसवलेलं नवं पातळ, केसांत अबोली. ती हसली नाही. माणसांतून वाट काढत ती पार टीव्हीपाशी आली.

"दादा, पाव्हनं आल्यात. जामखेडचं."

"आलो. एवढं इमान उडू दे."

"इमान तीच उडिवती."

"कोन?"

"तीन नंबर. सकाळच्या खेळाला ऐकलं मी. चौघांची वाट चुकलीया, आन ती वाट दावतीय. तुमी तिच्या तोंडात फौजदार घालताय."

माईक चालूच होता. शब्द कर्ण्यातून बाहेर बाजारात गेले. लोक पुन्हा हसले, पण आता ते कोंडीरामला हसत होते.

"तुला लई कळतंय?"

"न्हाई कळत. ल्हान हुते तवा हितंच पुढं बसायचे. मला वाटायचं, ती मुकी हाय. दहा वर्सं मुकीच समजले तिला."

कोंडीरामनं माईक आसारामच्या अंगावर टाकला आणि बाहेर पडला. बाजारातून जाताना तो पुढं आणि ती मागं, पण भांडण दोघांच्या मधोमध चाललेलं.

"चारचौघांत बापाची चेष्टा करतीस?"

"चेष्टा तुमीच शिकिवली." कांद्याच्या ढिगाला वळसा घालून ती त्याच्या बरोबरीला आली. "नगरचं पत्र कुठाय?"

कोंडीरामनं सदऱ्याचा खिसा चाचपला आणि तो चालतच राहिला.

"पोस्टमन भेटला सकाळी. म्हनला, नर्सिंगला नंबर लागला, पेढं कवा देती? आठ दिस झालं, म्हनला, तुज्या बाच्या हातात दिलंय."

"नगरात एकटीनं ऱ्हायचं, परक्या मानसांची घान काढायची... मी पाव्हन्यांना सांगून बसलोय. पोरीला शिकायची हौस न्हाई म्हनून."

"मला इचारलं?"

"त्यात काय इचारायचं!"

घरात सतरंजीवर पाहुणे बसले होते. मुलगा सम्राट, सुप्याच्या कारखान्यात कामाला. त्याची आई छबूबाई आणि एक मामा. जय भीम झाला. दीपाच्या आईनं, भागिरथीनं, पोहे आणून ठेवले आणि दीपाला समोर बसवलं.

"नाव काय बाई?" छबूबाईनं दीपाला विचारलं.

"दीपा," कोंडीराम म्हणाला.

"शिकलीस किती?"

"बारावी सायन्स. फस्ट क्लास."

"सैपाक येतो का?"

"झ्याक करती. मटन खाऊन बगा."

मामा हसला. छबूबाई हसली नाही. ती दीपाच्या तोंडाकडं बघून विचारत होती. दीपाचे ओठ उघडत होते आणि आवाज कोंडीरामचा येत होता. सम्राट एकदा दीपाकडं, एकदा तिच्या बापाकडं बघत होता, हातातला पोह्याचा घास तसाच.

"फुडं शिकायचं मनात हाय का?"

कोंडीरामनं श्वास घेतला.

"हाय." दीपाचा आवाज दारात जमलेल्या शेजारच्या बायकांपर्यंत गेला. "नगरला नर्सिंगला माजा नंबर लागलाय. सोमवारी हजर व्हायचंय. पत्र दादांच्या खिशात हाय."

भागिरथीच्या हातातला तांब्या तिरपा झाला, पाणी सतरंजीवर सांडलं तरी तिला कळलं नाही. तिनं नवऱ्याच्या खिशाकडं बघितलं. मामानं पोह्याची ताटली खाली ठेवली.

छबूबाई कोंडीरामकडं वळली. "तुमी तर सांगितलं, पोरीला हौस न्हाई. आता खरं काय समजायचं आमी?"

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. उत्तरं त्याच्याजवळ चिक्कार होती. पोरगी थट्टेखोर हाय, बापावर गेलीया. पत्र जुनं हाय. नंबर दुसऱ्याच पोरीचा हाय. यातलं एक नुसतं पैलवानाच्या आवाजात टाकलं असतं, तर मामा हसला असता आणि चहा पुढं सरकला असता. कोंडीरामचा हात खिशावर गेला आणि तिथंच दाबून बसला. दीपा त्याच्याकडं बघत नव्हती. ती छबूबाईकडंच बघत होती, मान ताठ करून.

"माज्याकडं काय बगताय?" कोंडीराम एवढ्यानं ओरडला की दारातल्या बायका मागं सरल्या. "ती बोलतीय न्हवं!"