कच्चा घातलेला खिळा

मी एक जुनी काथ्याची चटई आहे. बसण्याची नव्हे, मित्रांनो. माझ्यावर क्रिकेट खेळत. माझी गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, याची धास्तीच वाटते. पण आमच्या कप्तानाची सांगता सांगता माझीही सांगून होईल.

माझा काथ्या नारळाच्या देशात वळला गेला आणि मी बोटीने केप टाउनला आले. तिथली हिरवळीची मैदाने गोऱ्यांची. आमच्या वाट्याला खडीचे माळ. खडीवर मला अंथरून, कडेने लांब खिळे ठोकून खेळ होई. रीत अशी, की यजमान कप्तानाने चटई स्वतः ताणायची आणि पाहुण्या कप्तानाने तिच्यावर अनवाणी चालून खात्री करायची.

गामिएत पेशाने शिंपी. तो आमच्या प्रांताचा कप्तान झाला, तेव्हा सगळे त्याला 'बूटा', म्हणजे थोरला भाऊ, म्हणू लागले. "बूटाची चटई म्हणजे बूटाने शिवलेला कोट! सुरकुती दाखवा नि फुकट न्या!" असे लोक म्हणत. मला फार अभिमान वाटे.

मग एका मोसमात उत्तरेकडच्या संघाचा वेगवान गोलंदाज लायनल याचा चेंडू बूटाच्या जबड्यावर बसला. दात तुटले, रक्त माझ्या काथ्यात मुरले. बरा होऊन तो पुन्हा खेळू लागला, हसू लागला. पण गोलंदाज धावत निघाला, की त्याचा मागचा पाय माझ्यावर थरथरे आणि हळूच बाहेर सरके. हे फक्त मला ठाऊक होते.

पुढच्या वर्षी अंतिम सामन्याला लायनल पुन्हा आला. सकाळपासून आग्नेयेचा वारा सुटला होता. बूटा हातोडी घेऊन गुडघ्यांवर बसला. जिथे लायनलचा चेंडू पडणार, त्या टोकाचे खिळे त्याने अर्धेच ठोकले. सैल चटईवर चेंडू मंदावतो. मी मात्र भीतीने आक्रसले. वारा आत शिरला तर?

पाहुण्यांचा कप्तान बेनी आला.

"बूट काढ, चालून बघ," बूटा म्हणाला. 

"तुझी चटई मी तपासू? अरे, पोरांना सांगून आलोय, इथे डोळे मिटून खेळा. चल, नाणं उडव!"

फलंदाजी आधी त्यांची आली. पहिल्याच षटकात वाऱ्याने मला फुगवले. आमचा चेंडू सुरकुतीवर पडून उसळला आणि त्यांच्या सलामीवीराच्या कानाला चाटून गेला. तो जागीच मटकन बसला.

बूटाने खेळ थांबवला. हातोडी मागवली.

"काय बूटा, टाका उसवला वाटतं!" कडेने कुणी ओरडले.

"उसवला नाही. मीच कच्चा घातला होता," तो म्हणाला. "लायनलची भीती वाटते मला."

कुणी हसले नाही. बेनीने माझी कड धरून ओढली आणि बूटाने शेवटचा खिळा माथ्यापर्यंत ठोकला.

दुपारी लायनल धावत निघाला. बूटाचा पाय थरथरत होता, फार थरथरत होता. पण सरकला नाही. चेंडू बरगडीवर आदळला. तो तिथेच उभा राहिला.

सामना आम्ही हरलो. त्याच मोसमात त्याने कप्तानपद सोडले.

आता मी क्लबच्या अडगळीत गुंडाळून पडले आहे. उंदीर कडा कुरतडतात. पायपुसण्यांसाठी कुणी कापून नेईल, या भीतीने दार वाजले की दचकते. मित्रांनो, मागणे थोडेच आहे. जुन्या चटईला अधूनमधून ऊन दाखवा, ओल लागू देऊ नका. आणि अंथराल तेव्हा, ज्या टोकाची तुम्हाला भीती वाटते, तिकडचा खिळा आधी ठोका.