क्रोटनच्या आडचा फोटो

किंग्स्टनच्या धक्क्यावरून आणलेलं निळं पिंप अंगणात उतरलं, तेव्हा शेजारच्या मिस आयसिल्डा नातीला घेऊन आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पिंप उघडायला आमंत्रण लागतंच कुठे.

काडियन मात्र मागेच उभी राहिली होती. दर नाताळाला न्यूयॉर्कहून मम्मीचं पिंप यायचं. तळाशी तांदूळ, तेल, डबाबंद मासे आणि सगळ्यात वर काडियनचे कपडे, साबणाच्या वड्यांशेजारी राहून राहून घमघमलेले. मम्मी न्यूयॉर्कला गेली तेव्हा काडियन मर्लीनमावशीच्या कमरेला लागायची. आता ती मावशीच्या डोक्यावरून पलीकडचा रस्ता बघायची.

मावशीने झाकणाची कडी काढली. वरच पिवळा झगा होता. झालर, मोत्यांची बटणं आणि इतका देखणा रंग की बघणाऱ्याने दोन मिनिटं गप्पच बसावं. काडियनने तो अंगाला लावला. झग्याची कंबर तिच्या छातीशी आली.

"मर्लीन, तुझ्या बहिणीला काय वाटतं गं," मिस आयसिल्डा म्हणाल्या, "पोरगी लोणच्यात घालून ठेवलीय?"

सगळे हसले. काडियनही हसली, कारण टोमणा झकास होता आणि हसलं नसतं तर रडू आलं असतं.

खरं तर हे घरचंच पाप. काही वर्षांपूर्वी असाच एक लाल झगा लहान निघाला होता. पण नव्या कपड्यातला फोटो तर पाठवायलाच हवा. फोटो नाही गेला की परदेशातल्या माणसाला वाटतं, कपडे दुसऱ्याच कुणाच्या पोरीच्या अंगावर गेले. म्हणून मावशीने झगा पाठीत उसवला, पिना लावल्या आणि काडियनला क्रोटनच्या झाडाआड उभं केलं. पाय झाडामागे, पाठ भिंतीकडे. पुढून बघावं तर झगा बेतून शिवल्यासारखा. मम्मीने तो फोटो पर्समध्ये ठेवला. तेव्हापासून ती दरवर्षी त्या मापावर एक माप चढवते आणि काडियन दरवर्षी त्याच्या चार पावलं पुढे असते.

ट्रंक न घातलेल्या कपड्यांनी भरली होती. ते देऊनही टाकता येत नव्हते, कारण मम्मी फोनवर एकेकाची चौकशी करायची. निळा स्कर्ट रविवारी चर्चला घालतेस ना? लाल अजून होतो का?

एवढ्यात मिस आयसिल्डांच्या नातीने, छोट्या टियानाने, कुणाला न विचारता पिवळा झगा डोक्यातून घातलासुद्धा. असा बसला, जणू तिच्यासाठीच न्यूयॉर्कहून निघाला होता. ती गिरक्या घेत सुटली. काडियन बघत राहिली आणि तिने ठरवलं, बस झालं. आज मम्मीला खरं सांगायचं आणि झगा टियानाला द्यायचा. वक्तृत्व स्पर्धेत सगळ्या शाळेपुढे न अडखळता बोललेली मुलगी ती. आईशी बोलायला काय लागतं?

कोपऱ्यावरच्या दुकानात मम्मीचा फोन आला. काडियनने वाक्य तयारच ठेवलं होतं, पण मम्मी आधी बोलली. ती ज्या म्हातारीला सांभाळते तिला झोपवून, बर्फातून हा झगा घ्यायला दुकानात गेली होती म्हणे.

"दुकानातली बाई म्हणाली, माप सांगा. मी म्हटलं, माप कशाला? माझी पोर मला पाठ आहे." मम्मी हसली. मग हळूच विचारलं, "बसला ना गं नीट?"

तयार केलेलं वाक्य काडियनच्या जिभेवर होतं. चांगलं, सोपं वाक्य होतं. मम्मीला तिथे राहायची कागदपत्रं मिळेपर्यंत घरी येता येत नव्हतं, आणि ती कधी मिळतील हे तिलाही माहीत नव्हतं. पर्समधल्या फोटोतली मुलगी तिला पाठ होती. दुसरी कुठली तिच्यापाशी नव्हतीच.

"हो मम्मी," काडियन म्हणाली. "अगदी बरोब्बर."

"मग फोटो पाठव. लवकर."

घरी परतल्यावर मावशीला काही सांगावं लागलं नाही. तिने टियानाच्या अंगावरून झगा उतरवला आणि कात्री आणली. या वेळी नुसती शिवण उसवून भागणार नव्हतं, पाठ मानेपासून खाली कापावी लागली. कापड फाटल्याचा आवाज झाला, तशा मिस आयसिल्डा उठून चालत्या झाल्या. टियाना मात्र तिथेच राहिली.

पिनाही पुरेनात. शेवटी टियानालाच झाडामागे बसवलं, दोन्ही कडा पाठीशी घट्ट धरायला.

"काडियनताई," मागून बारीक आवाज आला, "फोटो झाला की हा मला?"

काडियनच्या उघड्या पाठीला वारा लागत होता. मावशीने कॅमेरा डोळ्याला लावला.

"हस," मावशी म्हणाली. काडियन हसली.